नर्सरीत फुललेला गुलाब घरी येऊन रुसला? औषधाआधी जागा आणि जात तपासा

लक्षणं

रोप आणलं तेव्हा दोन फुलं आणि चार कळ्या होत्या. तो बहर संपला आणि पुढे गाडी अडली. ती कुठे अडली, हे रोपाच्या अंगावरच दिसतं. आपलं लक्षण यात शोधा:

- फांद्या लांब, पानं हिरवीगार, पण कळी नाही. शेंडा नुसताच थांबतो. द्राक्षवाले ज्याला वांझ काडी म्हणतात, तोच प्रकार. बहुतेक वेळा ऊन कमी पडतं.
- गेल्या वर्षी मोठं लाल फूल होतं, यंदा झुपक्यात बारीक पांढरी किंवा फिकट फुलं, तीही वर्षातून एकदाच. कलम मागे पडलं, खालचा खुंट (ज्यावर कलम केलेलं असतं ते रानटी झाड) वर आला.
- डबल डिलाइटसारखी दुरंगी जात, पण लाल कड येतच नाही, फूल जवळपास पांढरं. हासुद्धा उन्हाचाच प्रश्न. त्या जातीचा लाल रंग उजेडावर चढतो.
- कळी येते, पण पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि उघडताना अडकते. मार्च ते मेमध्ये फुलकिडे, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा ओलावा.
- नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. चुनखडीची जमीन, मुळाशी साचलेलं पाणी, किंवा दोन्ही.
- खालची जुनी पानं काळे ठिपके पडून गळतात. पावसाळ्यातला बुरशीजन्य रोग.
- डिसेंबर-फेब्रुवारीत कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी. भुरी.
- छाटलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली येते. शेंडेमर.
- काहीच रोग नाही, पण रोप वर्षभर जिथल्या तिथे.

यातली निम्मी लक्षणं फवारणीने जात नाहीत. तरी पहिला खर्च नेहमी फवारणीवरच होतो, कारण बाटली दुकानात मिळते आणि ऊन मिळत नाही. म्हणून खालचा क्रम सोडू नका. आधी फुकटचं, मग दहा-वीस रुपयांचं, मग कुदळीचं.

१. हा दोष आहे की ऋतू?

एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांकडे गेला की फुलं लहान येतात, एका दिवसात चपटी उघडतात आणि मधला पिवळा भाग दिसू लागतो. हा रोग नाही, काही करायचं नाही. ऑगस्टमध्ये भरगच्च पाकळ्यांच्या जातींची कळी बाहेरून भिजून चिकटते आणि न उघडताच सडते. तीही जातीची सवय आहे. कळी खुडा आणि दिवाळीची वाट बघा. नाशिकमध्ये गुलाबाचा खरा हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या मध्यात छाटणी झाली की साधारण ४५ दिवसांनी पहिला बहर येतो. ऑक्टोबर छाटणीचं गणित या जिल्ह्यात कुणाला शिकवायला नको. गुलाबाची छाटणीही द्राक्षबागांच्या छाटणीसोबतच उरकते.

ज्यांनी ऑक्टोबरमध्ये छाटलंच नाही, त्यांनी पुढे वाचण्याआधी ते करावं. गेल्या मोसमातल्या जाड, निरोगी तीन ते पाच काड्या ठेवा. हायब्रीड टी (एका दांड्यावर एक मोठं फूल देणारा गुलाब) असेल तर ४५ सेंटिमीटरच्या आसपास, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून फूट निघते त्या उंचवट्याच्या) अर्धा सेंटिमीटर वर, तिरपा काप घ्या. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या पूर्ण काढा, त्या फूल पोसत नाहीत. आणि हंगामात फूल सुकलं की नुसती मान मोडू नका. खाली येत पहिलं पाच पानांचं पान गाठा आणि त्याच्या वर कापा. तीन पानांच्या वर कापलं तर येणारी फूट किरकोळ निघते आणि तिच्यावर कळी धरेलच असं नाही. नुसत्या या एका सवयीने बऱ्याच तक्रारी मिटतात.

२. खुंट वर आलाय का?

बाजारातला जवळपास प्रत्येक मोठ्या फुलाचा गुलाब डोळा भरून, म्हणजे कलम करून, तयार केलेला असतो. खाली रानटी खुंट, वर हवी ती जात. जोडाची जागा जाडसर गाठीसारखी दिसते. त्या गाठीच्या खालून किंवा जमिनीतून आलेला फुटवा खुंटाचा. तो जोरात वाढतो, अन्न पळवतो, आणि दोन पावसाळ्यांत वरची जात मारून टाकतो.

पानांवरून ओळखायला जाल तर फसाल. 'सात पानं म्हणजे जंगली' असं सर्रास सांगितलं जातं, पण चांगल्या जातींनाही सात पानं येतात, आणि गाठीच्या वरून निघालेली लालसर, जाड, जोमदार फूट तर पुढच्या वर्षीची कमाई असते. ती कापली की नुकसान आपलंच. म्हणून माती हाताने बाजूला करा, फुटवा कुठून निघालाय तिथपर्यंत पोचा. गाठीच्या खाली असेल तर कात्रीने कापू नका, खाली ओढून मुळापासून फाडून काढा. कापलं तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून एकाचे तीन निघतात.

गाठ मातीत गाडली गेली असेल तर ती उघडी करा. आपल्या हवेत गाठ जमिनीच्या ५ सेंटिमीटर वर असावी. बर्फाच्या देशांतले व्हिडिओ गाठ गाडायला सांगतात, तिथे थंडीपासून वाचवायचं असतं. निफाडची थंडी कितीही गाजली तरी गुलाबाची गाठ गाडण्याइतकी नसते.

३. डिसेंबरचं ऊन मोजा

सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि ती साधी आहे. लोक जागा ठरवतात जून-जुलैत, रोपं आणायच्या वेळी. तेव्हा नाशिकला दुपारचा सूर्य थेट डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. सावली कुठेच नाही असं वाटतं. पण फुलं हवीत डिसेंबरमध्ये, आणि तेव्हा भरदुपारीही सूर्य दक्षिणेला झुकून क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या कोणत्याही अडथळ्याची दुपारची सावली जवळपास त्याच्या उंचीइतकी लांब पडते. दोन मीटरचं कंपाउंड दोन मीटर अंगण खातं. शेजारची दहा मीटरची इमारत साडेनऊ मीटर खाते, म्हणजे इंदिरानगर किंवा सिडकोतल्या बऱ्याच बंगल्यांचं उत्तरेकडचं अख्खं अंगण.

डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. रोपाच्या जागी उभे राहा आणि दक्षिणेकडे बघा. समोरची भिंत, इमारत किंवा झाड जेवढं उंच आहे, त्यापेक्षा ते कमी अंतरावर असेल तर हिवाळ्यात ती जागा दुपारी सावलीत जाणार. खात्री करायची असेल तर थंडीतल्या एखाद्या रविवारी ९, ११, १ आणि ३ वाजता सावलीच्या कडेने रांगोळीची रेघ ओढा. संध्याकाळी चार रेघांवरून कोणत्या कोपऱ्याला किती तास मिळाले ते समोर दिसतं.

हायब्रीड टीला सहा तास थेट ऊन लागतं. फ्लोरिबंडाचं (झुपक्यात फुलणाऱ्या गुलाबाचं) पाचात भागतं, बटण गुलाब आणि आइसबर्ग चार तासांतही फुलं देतात, फक्त कमी. सकाळचं ऊन दुपारच्यापेक्षा मोलाचं, कारण ते पानावरचं दव लवकर वाळवतं. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सात-आठ तास सलग ओलं राहावं लागतं. पूर्वेच्या जागेत तेवढा वेळ तिला क्वचितच मिळतो.

पश्चिमेच्या भिंतीचं उलटं. मे महिन्यात ती भिंत रात्री उशिरापर्यंत गरम असते. तिला चिकटून लावलेल्या गुलाबाच्या पाकळ्या करपतात आणि लाल कोळी तिथेच आधी येतो. कोणतीही भिंत असो, ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर सोडाच.

४. पांढरा कागद आणि पाण्याचा फवारा

कळीच्या कडा तपकिरी असतील तर कळी पांढऱ्या कागदावर झटका. दीड मिलिमीटरचे पिवळसर-तपकिरी रेषेसारखे किडे पळताना दिसले तर फुलकिडे. पांढऱ्या, पिवळ्या, फिकट गुलाबी जातींवर ते जास्त येतात, गडद रंगावर डाग तरी झाकले जातात. लागलेल्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका, निळे चिकट सापळे लावा, आणि निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारा. पानं वरून धुरकट, ठिपके-ठिपके दिसतात आणि खाली बारीक जाळी असेल तर लाल कोळी. त्याला पाण्याचा जोरदार फवारा पानाखालून, तीन दिवसांआड. उन्हाळ्यात एवढंच पुरतं.

भुरीबद्दल एक गैरसमज नाशिकमध्येच भेटतो. शेजारी द्राक्षबाग आहे म्हणून गुलाबावर भुरी आली, असं नाही. दोन्हीच्या बुरशी वेगळ्या, एकीची दुसरीवर जात नाही. फक्त दोघींना हवा सारखी लागते, म्हणून एकाच आठवड्यात दिसतात. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण तापमान ३२-३३ अंशांच्या वर असताना नको, पानं भाजतात. आणि भुरी दरवर्षी त्याच रोपावर येत असेल तर प्रश्न वारा न खेळणाऱ्या कोपऱ्याचा किंवा जातीचा आहे. तो आठव्या मुद्द्यात.

५. खुरपं घ्या, मातीचा गोळा बघा

रोप वर्षभर तसंच राहिलं असेल तर बुडाशी १५ सेंटिमीटर उकरा. बाहेरून येणारी बरीच कलमं चिकट लाल मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. प्रवासात गोळा फुटू नये म्हणून ती माती मुद्दाम घट्ट असते. हा गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला की दोन माती एकमेकींशी जुळत नाहीत. उन्हात गोळा विटेसारखा कडक होतो, आळ्यात दिलेलं पाणी त्याच्या बाजूने निघून जातं, आणि मुळं आतच गोल फिरत राहतात. वरून माती ओली, आत ठणठणीत कोरडी. पाणी तर रोज देतो, ही तक्रार इथली.

इलाज: ऑक्टोबरअखेर ते जानेवारीच्या दरम्यान रोप उचला, गोळा तासभर पाण्याच्या बादलीत ठेवा, आणि बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी हलकेच सोडवा. सगळी धुऊन काढू नका, बारीक मुळं तुटतात. नवीन रोपाचंही हेच करा, पिशवी फाडून थेट खड्ड्यात नको.

६. पाणी मुरतं का, माती फसफसते का?

खड्ड्याची परीक्षा: ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा काढा, काठोकाठ पाणी भरा, मुरू द्या. पुन्हा भरा आणि आता घड्याळ लावा. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी मुरलं तर पावसाळ्यात मुळं गुदमरणार. मखमलाबाद, आडगावकडच्या खोल काळ्या जमिनीत हे नेहमीचं. अशा ठिकाणी खड्ड्यात वाळू भरणं हा अर्धवट उपाय आहे, कारण चारी बाजूंनी काळी माती असली की तो खड्डा म्हणजे पाणी धरणारं भांडंच होतं. त्यापेक्षा ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा: दोन भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत. नव्या वसाहतींत उलट अडचण असते. बांधकामाचा मुरूम आणि सिमेंटचा चुरा वर, माती नावाला. तिथे ४५ सेंटिमीटरचा खड्डा पूर्ण रिकामा करून नवीन मातीच भरावी लागते.

नवी पानं पिवळी असतील तर कोरड्या मातीचा एक चमचा घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. अशा जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. दुकानात मिळणारं साधं ईडीटीए चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) पानांवर फवारायला ठीक (लिटरला अर्धा ते एक ग्रॅम), मात्र सामू (पीएच) साडेसहा-सातच्या वर गेला की मातीत ते टिकत नाही. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या, महाग आहे पण काम करतं. हाडांचा चुरा अशा जमिनीत टाकून उपयोग नाही, त्यातला स्फुरद (फॉस्फरस) सुटतच नाही. तेच पैसे शेणखतात घाला. छाटणीनंतर झाडाला चार-पाच किलो आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड.

कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर बोअरचं पाणी क्षारांचं आहे. महिन्यातून एकदा नळाचं किंवा पावसाचं पाणी इतकं घाला की तळातून भरपूर वाहून जाईल. आणि कुंडीखालची बशी काढून टाका.

७. रोप हलवणं

ऊन कमी हे नक्की झालं की खत वाढवू नका. सावलीत नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानांचा जंगलपसारा होतो, कोवळी फूट लुसलुशीत राहते आणि मावा-भुरीला आमंत्रण. जागा बदला. तीन-चार वर्षांपर्यंतचं रोप सहज हलतं.

वेळ ऑक्टोबर छाटणीची. आदल्या दिवशी पाणी द्या, वाफसा आला (माती ओलसर पण चिकट नाही) की ३० सेंटिमीटर व्यासाचा मुळांचा गड्डा धरून उचला, काड्या ३० सेंटिमीटरवर आणा, गाठ ५ सेंटिमीटर वर ठेवून लावा, आणि आठ-दहा दिवस दुपारी सावलीची जाळी धरा. हायब्रीड टीमध्ये ७५ सेंटिमीटर, फ्लोरिबंडात ६०, बटण गुलाबात ३०, वेलीत अडीच मीटर अंतर. त्र्यंबक रोड, गिरणाऱ्याकडे पाऊस जास्त, तिथे पाव मीटर आणखी सोडा. मोठ्या झाडापासून तीन मीटर तरी लांब, नाहीतर खत झाड खातं. उंच जाती वाफ्याच्या उत्तर कडेला लावा. दक्षिणेला लावल्या तर हिवाळ्यात त्याच बाकीच्यांची सावली बनतात.

जुना गुलाब मेला त्याच खड्ड्यात नवीन लावू नका. लावायचाच असेल तर ४५ सेंटिमीटरपर्यंतची माती बदला, नाहीतर नवीन रोपही तसंच कुजत-झुरत राहतं.

८. जातच चुकली असेल

इथे नर्सरीवाल्याला दोन प्रश्न विचारा: नाव काय, आणि खुंट कोणता. 'काश्मिरी', 'डच', 'कलकत्ता' ही जातींची नावं नाहीत, बाजारातल्या ओळखी आहेत. 'डच' म्हणून मिळणारी रोपं बहुतेक पॉलिहाऊसची असतात. दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे त्यांना छत, ठिबक आणि ठरलेलं खत मिळतं. अंगणात उघड्यावर ती दोन वर्षांत थकतात. त्यांच्या लांब दांड्याला भुलू नका.

खुंटाचं महत्त्व डॉगरिज खुंटावर द्राक्ष लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको. चुनखडीच्या, खारट जमिनीत रोझा इंडिका खुंट बरा टिकतो. मल्टिफ्लोराला आम्लधर्मी, भुसभुशीत माती आवडते, काळ्या मातीत त्यावरची कलमं लवकर पिवळी पडतात. व्हिनेगर टाकून माती फसफसली असेल, तर जात निवडण्याआधी खुंट निवडा.

उघडं, दिवसभराचं ऊन: ग्लॅडिएटर, क्वीन एलिझाबेथ, दिल्ली प्रिन्सेस. क्वीन एलिझाबेथ दीड-दोन मीटर जाते, मागेच लावा. दिल्ली प्रिन्सेस दिल्लीच्या उन्हाळ्यात तयार झालेली आहे, आपला मे तिला जड नाही. क्वीन एलिझाबेथ १९५४ ची आणि आइसबर्ग १९५८ ची, तरी अजून नर्सरीत टिकून आहेत ते उगाच नाही.

सकाळी ऊन, एकनंतर सावली: सुवासिक आणि गडद जातींची जागा. पापा मेइलां, मिस्टर लिंकन यांच्या काळपट लाल पाकळ्या दुपारच्या उन्हात कडेने जळतात, इथे वाचतात. डबल डिलाइटही इथेच.

चार तासांची बाल्कनी: आइसबर्ग किंवा बटण गुलाब, ३० सेंटिमीटर खोल कुंडीत. मोठ्या फुलाचा हट्ट इथे सोडलेला बरा.

वारा कोंडलेला कोपरा: सुपर स्टार आणि ख्रिश्चन डिऑर नकोतच. दोन्ही देखण्या, दोन्ही भुरीला पहिल्या बळी पडणाऱ्या.

पश्चिमेची तापणारी भिंत असेल तर गुलाबाऐवजी बोगनवेल लावा. गुलाब सगळीकडे बसवायचाच असतो असं कुठे लिहिलेलं नाही.

९. इथे थांबा

शेंडेमर असेल तर काळ्या भागाच्या तीन सेंटिमीटर खाली, आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत कापा, कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावा, आणि कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा. काळेपणा गाठीपर्यंत पोचला असेल तर रोप वाचत नाही, त्यावर पुढे खर्च करू नका.

एकाच वाफ्यातली तीन-चार झाडं एकदम पिवळी पडत असतील, किंवा दोनदा खत-लोह देऊनही नवी पानं हिरवी होत नसतील, तर अंदाज बंद करा आणि माती-पाणी तपासून घ्या. वाफ्यातल्या पाच-सहा ठिकाणची ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो, आणि स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी. जिल्ह्यात द्राक्षामुळे माती, पाणी आणि देठ तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेतच. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारा. सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे मागा. मुळांवर बारीक मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमीची (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांची) तपासणी वेगळी सांगावी लागते, नेहमीच्या माती परीक्षणात ती नसते.

गच्चीवर वाफा बांधायचा विचार असेल तर माळ्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढे जाते, म्हणजे ४५ सेंटिमीटरचा वाफा दर चौरस मीटरला सातशे किलोच्या आसपास. साधी वापरातली गच्ची दीडशे किलोच्या हिशेबाने केलेली असते.

आणि गाठीशी किंवा मुळाशी फुलकोबीसारखी खडबडीत, वाढत जाणारी गाठ दिसली तर तो जिवाणूजन्य रोग आहे, त्याला औषध नाही. रोप मुळांसकट काढा, जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका, खुरपं-कात्री निर्जंतुक करा, आणि त्या जागी निदान दोन-तीन वर्षं गुलाब लावू नका. मका किंवा गवती चहा चालेल.